बायका, पाणी आणि बिनशंखाची गोगलगाय

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘मोकळा वेळ’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कार्यकर्तीचा मोकळा वेळ’ असं लिहिलंय. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई, तेव्हा ताणतणाव, दमणूक, थोडा प्राणायाम असं काहीतरी सांगीन अशी संयोजक मैत्रिणींची अपेक्षा असणार. ते मी सांगणार नाही. गेल्या जानेवारीत आम्ही चौघीजणी मालवणला गेलो, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरलो आणि बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी, खेकडे, किडे बघून आलो. त्याबद्दल बोलणार आहे. हसा, हसायला हरकत नाही. आमच्या बैठकीतही सगळ्या हसल्या होत्या. नंतर मात्र दीड तास वाद झाला. तो वादही सांगते.

बाई आणि पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? हंडा. नळावरची रांग, टँकर, धुण्याचा दगड. आणि आपल्यापैकी ज्या केंद्रांवर बसतात त्यांच्यापुढे आणखी एक गोष्ट येते, विहीर. ‘पाणी शेंदताना पाय घसरून पडली.’ हे वाक्य मी इतक्या कागदांवर वाचलंय की आता ते डोळे मिटूनही लिहिता येईल. जी बाई लग्न झाल्यापासून रोज त्याच काठावरून शेंदते तिचा पाय त्याच दिवशी कसा घसरला, हे विचारायला कुणी थांबत नाही. आणि तिला पोहता येत होतं का, असा रकाना कुठल्याही कागदावर नाही. येत नसणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. खेड्यात मुलाच्या पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून त्याला सात-आठ वर्षांचा असतानाच विहिरीत ढकलतात. तो गटांगळ्या खातो, शिकतो. बहीण काठावर त्याचे कपडे धरून बसलेली असते.

पाण्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न आपल्या चळवळींना नवा नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर तो हक्क बजावला गेला. आपणही हंडा मोर्चे काढले. पण पाणी आणायचं, भरायचं, धुवायचं यापलीकडे, नुसतं त्यात उतरून बघायचं, असं काही बाईचं पाण्याशी असू शकतं का, हे आपण फारसं बोललो नाही. बोलायला वेळ तरी कुठे होता म्हणा. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि करणारा पुरुष ९७, असं निघालं. २०२४ साली पुन्हा मोजलं तर बाईची २८९ आणि पुरुषाची ८८. दोघांचंही थोडं कमी झालं, फरक मात्र जवळपास तेवढाच राहिला. ती दहा मिनिटं बाईला सुट्टी म्हणून मिळाली असतील असं मला वाटत नाही.

तर आमचा वाद. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, “मराठवाड्यात बायका टँकरची वाट बघत रात्र काढतात आणि तुम्ही पैसे मोजून पाण्यात डुंबायला जाणार? तिथे गेल्यावर काय सांगशील त्यांना?” प्रश्न खोटा नव्हता. आमच्यातल्या परिचारिकेने उत्तर दिलं, “मी पंधरा वर्षं रात्रपाळ्या केल्यात, माझ्या पगाराचे पैसे आहेत, आणि माझा नवरा मित्रांबरोबर गोव्याला जातो तेव्हा त्याला मराठवाडा कुणी आठवून देत नाही.” हेही खोटं नव्हतं. माझं मत असं की मौज हा पोट भरल्यानंतरचा हक्क आहे असं आपण एकदा मान्य केलं, की बाईचं पोट कधीच पुरतं भरत नाही. घरातलं सगळं उरकल्याशिवाय बसायचं नाही, हा नियम आपण मोडायला निघालो आणि संघटनेत तोच पुन्हा घालून घेतला. पैशाबद्दलचा तिचा मुद्दा मात्र खरा आहे. स्कूबा हा खर्चिक प्रकार आहे. त्याकडे पुढे येते.

ठरवलं पाचजणींनी, गेलो चौघी. एक परिचारिका, एक जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, एक बचत गटांचं काम बघणारी आणि मी. सगळ्यांत धाकटी अठ्ठावीस वर्षांची, सगळ्यांत थोरली बावन्न. पाचवीने पैसे भरले होते. तिच्या घरी म्हणाले, “तुला काही झालं तर मुलांना कोण बघणार?” हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो म्हणून तो फार चिवट. तिच्या नवऱ्याकडे मोटारसायकल आहे, रोज महामार्गावरून जातो. त्याला हा प्रश्न पडलेला नाही.

आता स्कूबा म्हणजे काय ते थोडक्यात. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते. रबरी नळीच्या टोकाला तोंडात धरायचं यंत्र असतं, ते आजूबाजूच्या पाण्याचा दाब जेवढा, तेवढ्या दाबाने हवा देतं. हे यंत्र कूस्तो आणि गान्यान या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ साली बनवलं. दर दहा मीटर खाली गेलं की वातावरणाच्या दाबाएवढा दाब वाढतो. म्हणून कान दुखतात, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की उघडतात. ते दुखायच्या आधीच करायचं. आणि एकच नियम असा की तो मोडायचा नाहीच, श्वास कोंडून धरायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते. दहा मीटरवर भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, कोंडून धरली तर फुप्फुस फाटतं. समुपदेशन करणाऱ्या बाईला या नियमावर एक लांबलचक रूपक सुचतं, ते मी तुम्हाला ऐकवत नाही.

मालवणला पर्यटक जातात ती फेरी साधी असते. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून पाच-सहा मीटर खाली नेतो, पंधरा-वीस मिनिटांत वर आणतो. आम्ही आधी फोन करून ठरवलं होतं, दोघींमागे एक प्रशिक्षक, गर्दीच्या आधीची सकाळची वेळ, आणि माशांना पाव किंवा बिस्किटं टाकायची नाहीत. त्याबद्दल थोडे जास्त पैसे मोजले. माशांच्या झुंडीत हसणाऱ्या पर्यटकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, ते मासे तिथे पावासाठी येतात. जे स्वतःहून तिथे राहतं ते बघायचं होतं आम्हाला, आणि ते बहुतेक लहान असतं.

टेबलावर एक अर्ज होता. दमा, हृदयविकार, फेफरं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, हे विचारतात आणि विचारायलाच हवं. गरोदरपणी खरंच उतरू नये. पण त्याखाली ‘पती / पालकाचे नाव’ होतं, आणि टेबलावरचा मुलगा शिक्षिकेला म्हणाला, “मॅडम, घरच्यांना विचारलंय ना?” बावन्न वर्षांची बाई ती, तिचे विद्यार्थी त्याच्याहून मोठे असतील. तिने चष्म्यावरून बघितलं आणि त्या रकान्यावर आडवी रेघ मारली. शेजारच्या गटातल्या दोन बायका उभ्या होत्या. त्यातली एक परिचारिकेजवळ येऊन कुजबुजली, “माझी तारीख आलीय, चालतं का?” चालतं. पाळीत पाण्याखाली जायला वैद्यकीय हरकत नाही, जोवर तुम्हाला स्वतःला बरं वाटतंय तोवर. रक्ताच्या वासाने शार्क येतात ही कहाणी सगळ्या जगात पसरलेली आहे, तिला पुरावा नाही. परिचारिकेने हे मुद्दाम मोठ्याने सांगितलं, त्यामुळे टेबलावरच्या मुलाचंही शिक्षण झालं.

कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा होता, त्याला कडी नव्हती. वेटसूट म्हणून जो रबरी पोशाख असतो तो सगळा पुरुषांच्या मापाचा. खांद्यात ढगळ आणि कमरेखाली जाईना. दोघींनी तिसरीला धरायचं आणि ओढायचं, हसून हसून आम्ही वाळूत बसलो. मग व्हिडिओ. पाण्याखालचा व्हिडिओ पैशातच धरलेला असतो आणि नंतर मोबाईलवर पाठवतात. अंगाला चिकटलेल्या पोशाखातला आपला व्हिडिओ आणखी कुणाकुणाकडे राहतो याचा काही हिशेब नसतो. आम्ही सांगितलं, आमचा नको, प्राण्यांचे फोटो काढा. ही अडचण घेऊन आमच्या केंद्रावर मुली येतात, म्हणून सांगते: विचारा, कॅमेरा कुणाचा, फोटो कुठे राहतात, आणि नको असेल तर नको म्हणा.

बायकांना पाण्याखाली राहता येणार नाही असं म्हणणारे साधेसुधे लोक नव्हते, हेही लक्षात ठेवा. सिल्व्हिया अर्ल ही अमेरिकन समुद्रवैज्ञानिक, हजारहून अधिक तास पाण्याखाली काम केलेली. व्हर्जिन बेटांजवळ समुद्राच्या तळाशी शास्त्रज्ञ राहून काम करणार होते. तिने अर्ज केला तेव्हा बायका आणि पुरुष एकत्र राहणार कसे म्हणून तिला नाकारलं. शेवटी १९७० साली फक्त बायकांची तुकडी केली, पाचजणींची. तिच्या नेतृत्वाखाली त्या सुमारे पंधरा मीटर खोल दोन आठवडे राहिल्या आणि काम करून आल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना लाडिक टोपणनावं दिली. मुलाखतीत लिपस्टिकबद्दलसुद्धा विचारलं.

तर उतरलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी, खोली सहा-सात मीटर. मालवणचं पाणी चित्रातल्यासारखं निळंशार नसतं. चांगल्या दिवशीही चार-पाच मीटरपलीकडे हिरवट धुकं. पहिली पाच मिनिटं मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता, आणि प्रशिक्षकाचा हात दंडावर घट्ट होता. मग आणखी एक आवाज कळायला लागला. तडतड, तडतड, चहूबाजूंनी. कढईत मोहरी तडतडते ना, तस्सा. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे कुठून येतोय ते कानाला कळत नाही. हा आवाज एका जातीच्या कोळंबीचा. तिची एक नांगी मोठी असते, ती इतक्या झटक्याने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो, त्याचा हा आवाज. बोटभर कोळंबी, पण सगळा समुद्र फोडणी दिल्यासारखा वाजवते.

खाली रंग बदलतात. लाल आधी जातो. बचत गटवाल्या मैत्रिणीच्या मनगटावर देवीचा लाल दोरा होता, तो तिथे मातकट दिसत होता. विजेरी टाकली की पुन्हा लाल. त्या विजेरीनेच खडक बघायचा. नुसता खडक वाटतो तो असतो स्पंज, म्हणजे जिवंत प्राणी. त्याच्या भोकात एक ठिसूळ तारामासा बसलेला, फक्त एक हात बाहेर. नळीत राहणारे किडे, तोंडाशी पिसांचं फूल उमललेलं, आपली सावली पडली की क्षणात आत. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, त्याचं घर लहान पडलं की तो नवीन शोधतो, आणि चांगला शंख मिळाला तर त्यासाठी मारामारीही करतो. शिक्षिका त्याच्यापुढेच अडकून राहिली. प्रशिक्षकाने अंगठा वर केला तर तिने आनंदाने अंगठा वर करून उत्तर दिलं. तिथे अंगठ्याचा अर्थ ‘छान’ असा नाही, ‘वर चला’ असा आहे, त्यामुळे ती आपोआप वर आली. नंतर दिवसभर तेच पुरवून बोलत होती.

ज्यासाठी गेलो ती दुसऱ्या दिवशी दिसली. प्रशिक्षक मुलगा मालवणचाच, गाबीत, पंचविशीचा. आदल्या दिवशी म्हणाला होता, “ताई, मोठे मासे दाखवतो ना. गोगलगाय बघायला कोण येतं?” पण रात्री त्याला चैन पडलं नसावं. सकाळी खाली गेल्यावर त्यानेच एका फटीकडे बोट केलं. करंगळीच्या पेराएवढी, निळसर पांढरी, कडेला पिवळी रेघ. डोक्यावर दोन शिंगं, ती वास घेण्यासाठी. पाठीवर मागे पिसांचा झुबका, तो श्वास घेण्यासाठी; कल्ले उघडेच. इंग्रजी नावाचा अर्थही तोच, उघड्या कल्ल्यांची. न्यूडिब्रँक म्हणतात. मराठीत आपण समुद्री गोगलगाय म्हणू. जगात हिच्या तीन हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत. एक जात मुंबईच्या किनाऱ्यावरून १९४६ साली वर्णिली गेली, तिच्या शास्त्रीय नावात अजून बॉम्बे आहे.

ही पिल्लू असताना हिला शंख असतो. मोठी होताना ती तो टाकून देते. मग इतकी मऊ, इतकी रंगीत, उघड्यावर बसलेली असून तिला कुणी खात का नाही? कारण ती जे स्पंज खाते त्यातलं विष अंगात साठवते. काही जाती तर डंख मारणारे प्राणी खाऊन त्यांच्या डंखाच्या पेशी न फोडता आपल्या पाठीवर नेऊन ठेवतात. रंग म्हणजे पाटी: मला खाऊ नका. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते. दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालायला मोकळ्या. अंड्यांची फीत गोल गोल गुंडाळलेली असते, थेट कुरडईसारखी. आयुष्य बहुतेकींचं वर्षभराचं, किंवा त्याहून कमी.

इथे मागच्या रांगेतून कुणीतरी “वा!” म्हणालं. थांबा जरा. समुद्रात असं पुष्कळ आहे. समुद्रघोड्यात पिल्लांची पिशवी नराला असते. अ‍ॅनिमोनमध्ये राहणाऱ्या विदूषक माशांत मादी मेली तर तिचा नरच मादी होतो. हे मी आवडीने वाचते. पण त्यावरून माणसांच्या बाबतीत सिद्ध काही करायला जाऊ नका. ‘निसर्गातच तसं आहे’ हे वाक्य आपल्याविरुद्ध इतकी वर्षं वापरलं गेलंय की आपल्या बाजूचं दिसलं तरी ते उचलू नये असं मला वाटतं. गोगलगायीला समतेचं काही पडलेलं नाही. तिला स्पंज हवा.

आता किनाऱ्यावरची गोष्ट, जी मला पाण्याखालच्या इतकीच महत्त्वाची वाटते. आम्ही जिच्याकडे उतरलो होतो त्या काकी मासे विकतात. साठीच्या पुढच्या. पहिल्या दिवशी आम्हाला निघताना बघून म्हणाल्या, “पैशे देवन बुडूक जातास गो? आमचे बापये फुकटात बुडतत.” आम्ही हसलो. त्यांचा दीर होडीवरून असाच गेला होता, हे संध्याकाळी जेवताना कळलं. पर्यटकही बुडतात. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय टाकू नका, आणि बोटवाल्याने बांधायला सांगितलं नाही तर आपण मागा.

दुसऱ्या संध्याकाळी गोगलगायीचा फोटो काकींना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरला आणि म्हणाल्या, “ह्या तर खडपात गावता. आमी तेका हात लावत नाय, खाज येता.” त्याचं नाव काय म्हणता, विचारलं. तर म्हणाल्या, “जां खाऊक येत नाय, तेका नाव कित्याक व्हया?” आणि मग, “फाल्यां ओहोटीक ये, दाखयतंय.”

पहाटे आम्ही त्यांच्या मागून खडपात गेलो. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कमरेला पिशवी, हातात लोखंडी टोकदार हत्यार. कालवं फोडत फोडत त्या बोलत होत्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हाची ओहोटी सगळ्यांत लांब जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी धड येत नाही धड जात नाही. हे तिथीवरून त्यांच्या बोटांवर असतं. कुठल्या दगडाखाली काय, कुठला खेकडा अंड्यांवर आहे म्हणून सोडायचा, कुठल्या महिन्यात कालव भरलेलं असतं, सगळं. आणि घोट्याएवढ्या पाण्यात, एका डबक्यात, त्यांनी हत्याराच्या टोकाने दाखवली, तीच नव्हे पण तिची बहीण, पिवळट, ठिपक्यांची. आम्ही पैसे भरून, अर्ज भरून, रबरात कोंबून घेऊन बघितलेली गोष्ट काकी पन्नास वर्षं ओलांडून जात होत्या. त्या कधी पाण्याखाली गेल्या नाहीत. पोहता येत नाही. “शिकवतलो कोण?” म्हणाल्या.

मालवणचं हे पाणी १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. जाहीर झालं तेव्हापासून मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण रोजीरोटीचा प्रश्न. त्या वादात होड्या, जाळी, ट्रॉलर, रापण यांची चर्चा होते. खडपात हाताने कालवं आणि मुळे काढणारी बाई त्या चर्चेत शोधावी लागते. ती मच्छीमार म्हणून मोजली जात नाही, कारण ती होडीवर जात नाही. पर्यटन आलं तेव्हाही तसंच. आम्ही गेलो तिथे बोट चालवणारा पुरुष, प्रशिक्षक सगळे पुरुष, टेबलावर पुरुष. बायका कुठे? पहाटे उठून आमच्यासाठी घावणे करत होत्या, सोलकढी करत होत्या, चादरी धूत होत्या. खोल्यांचा परवाना काकींच्या मुलाच्या नावावर. प्रशिक्षक मुलाला मी विचारलं, तुझी बहीण का नाही शिकली हे? त्याने खरं उत्तर दिलं, “ताई, कोणी विचारलंच नाही तिला. मीही नाही.”

हे असंच असतं असं नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर बायकाच समुद्रात बुडी मारतात, हेन्यो म्हणतात त्यांना. सिलिंडर नाही, एका श्वासात दहा मीटर, शंख आणि समुद्री शेवाळ घेऊन वर. कधी काढायचं, कधी थांबायचं ते त्या मिळून ठरवतात. १९३२ साली जपानी राजवटीत त्यांच्या मालाची लूट होत होती तेव्हा त्या हजारोंनी रस्त्यावर आल्या होत्या. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला वारसा म्हणून मान दिला. आज त्यातल्या बहुतेक साठी ओलांडलेल्या आहेत, लेकी शहरात गेल्या. आपल्याकडे तमिळनाडूत मन्नारच्या आखातात बायका बुडी मारून समुद्री शेवाळ काढतात. १९८६ साली तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि या बायका एकाएकी घुसखोर ठरल्या. त्यांनी संघटना केली, महिन्यातले ठरावीक दिवसच काढायचं, प्रजननाच्या काळात बंद ठेवायचं असे नियम स्वतःवर घालून घेतले आणि हक्क मागितला. त्यांच्या नेत्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. आणि फार लांब कशाला, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी २०१७ च्या सुमारास कांदळवनातली सफर सुरू केली. स्वतः होडी वल्हवतात आणि झाडांची माहिती सांगतात.

म्हणून आम्ही परत आल्यावर काय ठरवलं ते सांगून बसते, वेळ संपत आलाय.

तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मालवण परिसरातल्या मच्छीमार घरांतल्या मुलींसाठी तिथल्या शुल्कात सवलत आणि काही जागा राखीव असाव्यात, असं निवेदन आम्ही तयार केलंय. त्यावर तुमच्या संघटनांच्या सह्या हव्यात. नुसती कौतुकाची टाळी नको. दुसरं निवेदन अभयारण्याबाबत आहे: स्थानिक बैठकांत हाताने वेचणाऱ्या बायकांना स्वतंत्र प्रतिनिधी. ते काकींच्या वाड्यातल्या बायकांबरोबर बसून लिहायचंय, म्हणून अजून कच्चं आहे. बैठक पावसाळ्यात घेणार, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बायकांना थोडी सवड असते. थोडीच, कारण तेव्हा सुकी मासळी विकायची असते.

पोहण्याचं प्रत्येकीने आपल्या गावात बघावं. नगरपालिकेचा तलाव असेल तर बायकांची वेळ कुठली ते विचारा. आमच्या शहरात ती दुपारी बारा ते एक होती, म्हणजे कुणीही येऊ नये अशीच. ती बदलून घ्यायला चार महिने लागले. आता सकाळी सातला छत्तीसजणी येतात. सलवार-कमीजमध्ये उतरू द्या, हाही एक वाद झाला. सुती नको, अंगाला चिकटणारं नायलॉनचं चालेल यावर मिटला.

आणि पैशाचा जो मुद्दा ज्येष्ठ मैत्रिणीने काढला होता त्याला उत्तर ओहोटीचं. सिलिंडर लागत नाही. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक २०१७ पासून ओहोटीला किनाऱ्यावर फिरवून हे प्राणी दाखवतात, हाजीअलीला, जुहूला. आम्ही मालवणला काकींबरोबर पंचवीसजणींना नेणार आहोत, काकींना त्याचं मानधन देऊन. डिसेंबरच्या पौर्णिमेला लागून. जुन्या, पट्ट्याच्या चपला आणा, खडपात पाय कापतात. एस.टी.ने जायचं. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, त्याच्याखाली कुणाची तरी कुरडई असते. लहान मुलांना आणायचं असेल तर आणा, पण सांभाळायला त्यांच्या बापालाही आणा. तो काठावर कपडे धरून बसेल.

ती ज्येष्ठ मैत्रीण येते म्हणालीय. नावं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या, चोवीस जागा उरल्या आहेत.